कक्षा उंचावण्याचा हिशेब

७ नोव्हेंबर २०१३ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून १७ मिनिटांनी मंगळयानाचं मुख्य इंजिन पहिल्यांदा पेटलं आणि ४१६ सेकंद चाललं. यान तेव्हा पृथ्वीभोवती एका लांबट कक्षेत फिरत होतं. त्या कक्षेचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, जमिनीपासून सुमारे २४८ किलोमीटर उंचीवर होता आणि सर्वांत दूरचा बिंदू, अपभू, २३,५५० किलोमीटरवर. इंजिन बंद झालं तेव्हा अपभू २८,८२५ किलोमीटरवर गेला होता. सव्वापाच हजार किलोमीटरची कमाई.

नऊ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, तेच इंजिन २४३.५ सेकंद चाललं. या वेळी अपभू १,१८,६४२ किलोमीटरवरून थेट १,९२,८७४ वर गेला, म्हणजे चौऱ्याहत्तर हजार किलोमीटरहून अधिक. वेळ कमी, इंधन कमी आणि फळ चौदापट. यान दरम्यान थोडं हलकं झालं होतं हे खरं, पण चौदापटीचा खुलासा तेवढ्यानं होत नाही. तो करायला शाळेत शिकलेला भागाकार आणि वर्गमूळ पुरतं. कॅल्क्युलेटर जवळ असेल तर घ्या.

कक्षेतल्या वस्तूजवळ दोन प्रकारची ऊर्जा असते. ती धावत असते म्हणून गतिज आणि पृथ्वीपासून काही अंतरावर असते म्हणून स्थितिज. उपभूपाशी वेग जास्त आणि उंची कमी, अपभूपाशी उलट. पण दोन्हींची बेरीज कक्षाभर तीच राहते. ही बेरीज मोजताना शून्य कुठे धरायचं, हे आधी ठरवावं लागतं. पृथ्वीच्या ओढीतून पूर्ण सुटून, अनंत अंतरावर जाऊन निवांत थांबलेल्या वस्तूची ऊर्जा शून्य मानतात. म्हणजे पृथ्वीशी बांधलेली प्रत्येक वस्तू शून्याच्या खाली, ऋण खात्यात असते. पृथ्वी एका खोल विहिरीच्या तळाशी आहे असं समजा. काठ म्हणजे शून्य, आणि उपग्रह कोणत्या पायरीवर आहे ते काठापासून खाली मोजायचं.

ही विहीर किती खोल आहे ते एका आकड्यावरून कळतं: ३,९८,६००. पृथ्वीचं वस्तुमान आणि गुरुत्वस्थिरांक यांचा हा गुणाकार, किलोमीटर आणि सेकंदांच्या मापात. त्याला पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतरानं भागलं की त्या ठिकाणची खोली मिळते, आणि ती थेट दर किलोग्रॅममागे मेगाजूलमध्ये येते. विषुववृत्तावर जमिनीचं केंद्रापासूनचं अंतर ६,३७८ किलोमीटर. भागाकार केला की ६२.५ येतात. विजेचं एक युनिट ३.६ मेगाजूलचं असतं, म्हणजे एक किलो वजन जमिनीवरून विहिरीबाहेर काढायला साडेसतरा युनिटांहून थोडी कमी ऊर्जा पुरते. सगळी अवकाशविद्या या मानाने स्वस्त वाटावी असा हा आकडा आहे. ती स्वस्त का नाही, याकडे आपण येणारच आहोत.

कक्षेत फिरणाऱ्या यानासाठी नियम याहून सोपा आहे. उपभू आणि अपभू यांची पृथ्वीच्या केंद्रापासूनची अंतरं घ्या, त्यांची बेरीज करा. ही त्या लंबवर्तुळाची पूर्ण लांबी. ३,९८,६०० ला या लांबीनं भागा; येईल तेवढे मेगाजूल दर किलोमागे यान काठाच्या खाली आहे. कक्षा किती चपटी किंवा किती गोल आहे याच्याशी ऊर्जेला देणंघेणं नाही. लांबी तीच असेल तर ऊर्जा तीच.

मंगळयानाची सुरुवातीची कक्षा घेऊ. उपभू केंद्रापासून ६,६२६ किलोमीटर, अपभू २९,९२८. बेरीज ३६,५५४. भागाकार १०.९०. म्हणजे ६२.५ मेगाजूलच्या विहिरीतल्या ५१.६ मेगाजूल पीएसएलव्ही अग्निबाणानं श्रीहरिकोट्याहून चढवून दिल्या होत्या आणि उरलेल्या १०.९० यानाला स्वतःच्या इंजिनावर चढायच्या होत्या. जीएसएलव्ही हा मोठा अग्निबाण हाताशी असता तर यानावरचा बोजा हलका झाला असता. पण २०१० मध्ये त्याची दोन उड्डाणं फसली होती आणि मंगळाची वेळ कोणासाठी थांबत नाही. अशी संधी साधारण सव्वीस महिन्यांनी एकदाच येते.

आता वेग. उपभूपाशी विहिरीची खोली ३,९८,६०० भागिले ६,६२६, म्हणजे ६०.१६. यानाची एकूण तूट १०.९०. या दोहोंतला फरक ४९.२५, हीच तिथली गतिज ऊर्जा. गतिज ऊर्जा म्हणजे वेगाच्या वर्गाचा निम्मा, म्हणून दुप्पट करून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं ९.९२५ किलोमीटर प्रति सेकंद. पहिल्या ज्वलनानंतरच्या कक्षेसाठी हेच करा. अपभू केंद्रापासून ३५,२०३, लांबी ४१,८२९, तूट ९.५३, उपभूपाशी वेग १०.०६३. दोन वेगांतला फरक सेकंदाला सुमारे १३८ मीटर.

हे उत्तर बरोबर आहे का, ते पूर्णपणे वेगळ्या वाटेनं तपासता येतं, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडणारी जागा हीच. मंगळयानाच्या इंजिनाचा रेटा ४४० न्यूटन होता. यानाचं उड्डाणावेळचं वजन १,३३७ किलो. इंजिन ४१६ सेकंद चाललं. रेट्याला वेळेनं गुणा, वजनानं भागा: १३७. पहिल्या वाटेत न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आणि केप्लरचं लंबवर्तुळ होतं, इंजिनाचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या वाटेत फक्त इंजिन आणि घड्याळ होतं, पृथ्वीचा पत्ता नव्हता. दोन्ही एका मीटरच्या अंतरानं भेटतात. प्रत्यक्षात यात बारीक दुरुस्त्या असतात. पृथ्वी नेमकी गोल नाही, ज्वलन क्षणात होत नाही, ते चालू असताना यान हलकं होत जातं. खरी गणितं संगणक करतो, पण त्याचं उत्तर काय येणार ते आपल्याला कागदाच्या कोपऱ्यावर आधीच कळतं.

८ नोव्हेंबरला अपभू ४०,१८६ वर गेला, ९ तारखेला ७१,६३६ वर. त्यासाठीचे वेगबदल आपल्या रीतीनं मोजले तर साधारण २०० आणि २६८ मीटर येतात. प्रत्येक पायरीवर ऊर्जा किती वाढली ते वेगबदलाशेजारी लिहून पाहा. १३८ मीटरला १.३८ मेगाजूल, २०० ला २.०४, २६८ ला २.७९. दर मीटरमागे जवळजवळ तेवढीच, एक शतांश मेगाजूलच्या थोडी पुढेमागे. १६ नोव्हेंबरच्या १०२ मीटरलाही १.०९ मेगाजूलच मिळाल्या. म्हणजे शेवटच्या ज्वलनानं ऊर्जा काही जास्त कमावली नव्हती, पहिल्यापेक्षा कमीच.

मग चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर आले कुठून? भागाकारातून. कक्षेची लांबी म्हणजे ३,९८,६०० भागिले तूट. तूट १०.९० वरून ९.५३ वर आली की लांबी सातव्या भागाइतकी वाढते. तूट ३.०३ वरून १.९४ वर आली की ती दीडपटीहून पुढे जाते. छेद शून्याकडे सरकू लागला की भागाकार उधळतो. काठ जवळ आला की प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा कितीतरी लांबीची होते, आणि काठावरच्या शेवटच्या पायरीला तर अंतच नसतो. १,९२,८७४ किलोमीटरवर अपभू असलेल्या यानाला पृथ्वीपासून कायमचं सुटायला उपभूपाशी सेकंदाला फक्त आणखी १७८ मीटर हवे होते.

मधल्या एका दिवसाची नोंद इथेच करायला हवी. ११ नोव्हेंबरला अपभू एक लाख किलोमीटरवर न्यायचा होता, त्यासाठी १३० मीटर प्रति सेकंद ठरले होते. इंधन सोडणाऱ्या झडपेची मुख्य आणि पर्यायी अशी दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालवून पाहण्याची चाचणी त्या दिवशी होती. दोन्हींना वीज दिली आणि इंजिनाकडे जाणारा प्रवाहच थांबला. यानाला मिळाले फक्त ३५ मीटर, अपभू ७८,२७६ वर अडकला. दुसऱ्या दिवशी पहाटे ३०३.८ सेकंदांचं पूरक ज्वलन केलं, १२४.९ मीटर मिळवले आणि यान १,१८,६४२ वर पोहोचलं. बातम्यांत त्या दिवशी काळजीचा सूर होता, पण हिशेबाच्या दृष्टीनं नुकसान जवळजवळ काहीच नव्हतं. न जळलेलं इंधन टाकीतच होतं, यान पुन्हा त्याच उपभूपाशी येणार होतं. हप्त्याहप्त्यानं चढण्याचा हा एक फायदा: एक हप्ता चुकला तर तो पुढच्या फेरीत भरता येतो.

हप्त्यांचं मुख्य कारण मात्र वेगळं आहे, आणि ऊर्जेच्या हिशेबातली खरी गंमत त्यातच आहे. कक्षा उंचावणारी ही सहाही ज्वलनं उपभूपाशीच का केली?

१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर यानानं पृथ्वी सोडली. इंजिन १,३२८.८९ सेकंद चाललं आणि वेग ६४७.९६ मीटर प्रति सेकंदानं वाढला. ज्वलनाआधी उपभूपाशी वेग होता सुमारे १०.७९ किलोमीटर. वेग वाढला की ऊर्जा किती वाढते? आधीचा वेग गुणिले वाढ, अधिक वाढीच्या वर्गाचा निम्मा. म्हणजे १०.७९ गुणिले ०.६४८, अधिक ०.२१. एकूण ७.२ मेगाजूल दर किलोमागे. तूट १.९४ होती, ती फिटून सव्वापाच मेगाजूल मंगळाकडच्या वाटेसाठी उरल्या.

आता समजा कोणी हेच ज्वलन अपभूपाशी केलं असतं. तिथे यान रेंगाळत असतं, वेग सेकंदाला जेमतेम ३६० मीटर. तेच इंजिन, तेवढंच इंधन, तोच ६४८ मीटरचा वेगबदल. ऊर्जेत वाढ: ०.३६ गुणिले ०.६४८, अधिक ०.२१. फक्त ०.४४ मेगाजूल. सोळावा हिस्सा. तूटही फिटली नसती. यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं असतं.

हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला खटकतं, आणि खटकायलाच हवं. इंधन तेच तर ऊर्जा सोळापट कशी? ऊर्जेच्या अक्षय्यतेचं काय? उत्तर यानाकडे बघून मिळत नाही, मागे फेकलेल्या वायूकडे बघून मिळतं. या इंजिनातून वायू यानाच्या सापेक्ष सेकंदाला साधारण तीन किलोमीटर वेगानं मागे जातो. एक किलो इंधन जळून वायूला जो वेग येतो त्यातली ऊर्जा तीनच्या वर्गाच्या निम्मी, साडेचार मेगाजूल. ती कुठेही जाळा, तेवढीच. पण उपभूपाशी ते एक किलो इंधन टाकीत असतानाच यानाबरोबर १०.८ किलोमीटर वेगानं धावत असतं. जळून मागे फेकलं गेल्यावरही पृथ्वीच्या नजरेतून ते पुढेच जात असतं, फक्त ७.८ किलोमीटर वेगानं. त्याची स्वतःची गतिज ऊर्जा ५८.३ वरून ३०.४ वर येते. ही २७.९ मेगाजूलची घट आणि ज्वलनाच्या साडेचार मिळून ३२.४ मेगाजूल यानाच्या पदरात पडतात.

अपभूपाशी उलट होतं. इंधन जवळजवळ थांबलेलं असतं. जळून निघालेला वायू मागच्या दिशेनं जोरात पळतो आणि साडेचारपैकी ३.४ मेगाजूल स्वतःच घेऊन जातो. यानाला उरते १.१. उपभूपाशी जळणाऱ्या इंधनात अग्निबाणानं आधीच ओतलेली धाव साठलेली असते. ती परत वसूल करायची तर इंधन विहिरीत खोल, वेगात असतानाच सोडून द्यावं लागतं. १९२० च्या दशकात अवकाशप्रवासाचं गणित मांडणाऱ्या हर्मान ओबर्थ यांचं नाव या परिणामाला आहे.

म्हणूनच हप्ते. ४४० न्यूटन म्हणजे जमिनीवर पंचेचाळीस किलोचं पोतं उचलता येईल एवढा रेटा. पृथ्वीजवळची सातही ज्वलनं एकत्र मोजली तर इंजिन तासाभराच्या आसपास चाललं. ते सलग चालवलं असतं तर पहिल्या काही मिनिटांनंतर यान उपभूपासून दूर, उंच आणि मंद झालं असतं, आणि उरलेलं इंधन स्वस्तात गेलं असतं. त्यापेक्षा थोडं जाळा, सगळी फेरी मारून या, पुन्हा उपभूपाशी थोडं जाळा. पहिल्या कक्षेत एक फेरी सहा तास पन्नास मिनिटांची होती. खर्च होतो तो फक्त वेळ.

यावरून लक्षात येईल की कक्षा बदलायला ‘किती ऊर्जा लागते’ हा प्रश्न अर्धाच आहे. या क्षेत्रातली माणसं ऊर्जेत बोलतच नाहीत. ती वेगबदलात बोलतात. इंधनाची किंमत वेगबदलावर ठरते आणि त्यातून ऊर्जा किती मिळणार ते जागेवर. याचा सर्वांत टोकाचा दाखला म्हणजे कक्षेचं प्रतल वळवणं. ५०० किलोमीटर उंचीवर गोल कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग ७.६ किलोमीटर. त्याची कक्षा तेवढीच ठेवून तीस अंशांनी फक्त कलवायची म्हटलं तर ऊर्जेतला फरक शून्य: लांबी तीच, तूट तीच. वेगबदल मात्र सेकंदाला जवळपास चार किलोमीटर. मंगळयानाच्या इंजिनानं पृथ्वीपासून मंगळाच्या कक्षेपर्यंतच्या साऱ्या प्रवासात केलेल्या एकूण वेगबदलाहून हे बरंच जास्त आहे. भूस्थिर उपग्रहांना ही वळणं घ्यावीच लागतात, कारण श्रीहरिकोटा विषुववृत्तावर नाही. तिथे ओबर्थची शिकवण उलटी लागू पडते. दिशा बदलायची असेल तर ती जिथे वेग सर्वांत कमी तिथे, म्हणजे अपभूपाशी बदलायची. ३६,००० किलोमीटरवर अपभू असलेल्या कक्षेत तिथला वेग १.६ किलोमीटर असतो. गोल कक्षेसाठी तो ३.०७ करायचाच असतो. त्याच ज्वलनात एकोणीस अंशांचं वळणही घेतलं तर जादा खर्च फक्त १७० मीटरच्या आसपास येतो.

आता इंधन. १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्की यांनी मांडलेलं समीकरण सांगतं, की वेगबदलाला वायूच्या वेगानं भागून जो आकडा येतो त्यावरून वजन कितीपट घटणार ते ठरतं. पृथ्वीजवळचे सगळे वेगबदल मिळून सुमारे १,५१५ मीटर. वायूचा वेग ३.०४ किलोमीटर धरला तर भागाकार अर्ध्याच्या जवळ येतो आणि वजन १.६५ पटींनी उतरतं: १,३३७ चे ८१२ किलो. सव्वापाचशे किलो इंधन पृथ्वीच्या दारातच संपलं. टाकीत एकूण ८५२ होतं.

२४ सप्टेंबर २०१४ ला मंगळापाशी १,०९९ मीटरनं वेग कमी करायचा होता. तीनशे दिवस झोपलेलं इंजिन पेटेल का, हे पाहायला दोन दिवस आधी ते फक्त चार सेकंद चालवून घेतलं होतं. आपलं समीकरण या ज्वलनाला २४६ किलो इंधन सांगतं. इस्रोनं नोंदवलेला खर्च २५० किलोंच्या जवळचा आहे. यान मंगळाभोवती सुमारे ४२२ गुणिले ७७,००० किलोमीटरच्या अतिशय लांबट कक्षेत बसलं. ‘इतकी लांबट का, जवळून गोल का फिरला नाहीत?’ असं तेव्हा काहींनी विचारलं होतं. उत्तर हिशेबात आहे. मंगळासाठी ३,९८,६०० च्या जागी ४२,८२८ घ्या. ४२२ किलोमीटरवर गोल फिरायला आणखी १.२८ किलोमीटर प्रति सेकंदांनी मंदावावं लागलं असतं, त्याला जवळपास दोनशे किलो इंधन लागलं असतं. एवढं टाकीत नव्हतंच.

जे उरलं होतं त्याचा मोठा भाग १७ जानेवारी २०१७ ला वापरला गेला. पुढे मंगळाच्या सावलीत यान इतके तास राहणार होतं, की बॅटरी टिकली नसती. २२ न्यूटनचे आठ छोटे रॉकेट ४३१ सेकंद चालवून ९७.५ मीटरचा वेगबदल केला आणि कक्षा सावलीतून बाजूला सरकवली. सुमारे वीस किलो इंधन गेलं, तेरा किलो राहिलं. त्रैराशिक मांडा: तेरा किलोंत साधारण ६३ मीटर. तसंच वळण दुसऱ्यांदा घेण्याएवढे ते नव्हते.